नाना, तुमच्यामुळे दुसरा गिअर आता आवाज न करता पडतो

आदरणीय नाना,
सा. न.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही सोलकढीचा पेला पुढे सरकवता आणि विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मला जे शिकवलंत ते जुनी मॅन्युअल गाडी हौसेनं चालवणाऱ्या आणखी चारजणांच्या कामी यावं, हीसुद्धा इच्छा आहेच.

माझी सॅन स्टॉर्म म्हणजे गोव्यात बनलेली छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरची, त्यामुळे मालवणच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजायची भीती नाही. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. म्हणजे आंबोली घाटात गाडी पळती ठेवायची तर वळणावळणाला गिअर बदलणं आलंच. तिथेच सगळं अडत होतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्रर्र आवाज, आणि क्लच सोडला की गचका. एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलायचा खर्च सांगितला होता.

तुम्ही आधी विचारलंत, "तेल खयचा घातलंस?" बिल काढून पाहिलं तर त्यात जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल होतं आणि बॉक्सला हवं होतं जीएल-४ प्रतीचं. गिअरबॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग घासूनच गिअर आणि त्याचा शाफ्ट यांचे फेरे जुळवते, मगच गिअर पडतो. तेल गरजेपेक्षा जास्त निसरडं असलं तर ती पकड घेत नाही, आणि जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं काही वेळा पितळालाही बाधतात. हे तुमच्याकडून ऐकलं आणि तेल बदलून घेतलं. निम्मी खरखर तिथेच गेली. गिअरबॉक्स खोलावा लागला नाही, याचे आभार तर आहेतच.

पण खरं शिक्षण उरलेल्या निम्म्याचं. तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात आणि पहिल्यांदा माझा हात पाहिलात. मूठ आवळलेली, गिअरचा दांडा जणू उपटायचा आहे. "अगो, ढकलतंस कित्याक? तो आपसूक जाता." मग स्वतः करून दाखवलंत: दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तळवा उघडा, दांडा सरळ पुढे न्यूट्रलपर्यंत, तिथे अगदी निमिषभर सैल. आतली स्प्रिंग दांड्याला आपोआप मधल्या रांगेत आणते, तसाच तो पुढे सरकवला की तिसरा पडला. आपण हातानं वळवायला गेलो की तो आडवा लागतो. आणि काम झालं की हात परत स्टीअरिंगवर. दांड्यावर हात विसावून चालवलं तर आतला गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क विनाकारण झिजतो, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतर कान. वरचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे खाली यायला हवेत, खालचा टाकताना वर जायला हवेत. समजा तिसऱ्यावर आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा २२०० वर आहे. त्याच वेगाला दुसऱ्यावर इंजिनाला ३१०० च्या आसपास फिरावं लागतं. मधला फरक कोणीतरी भरून काढायचाच असतो. आपण नाही काढला तर क्लचची प्लेट काढते, आणि तोच तो गचका. म्हणून क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस, मग क्लच वर. एवढंच. तुम्ही आरपीएमचा काटा झाकून ठेवायला लावलात आणि नुसत्या आवाजावर गिअर टाकायला सांगितलंत, त्या दिवशी हे डोक्यातून पायात उतरलं.

सिंक्रोमेश, म्हणजे ही सिंक्रो रिंगवाली रचना, कॅडिलॅकनं १९२८ मध्ये आणलं, पण तुम्ही एसटीत ड्रायव्हर म्हणून लागलात तेव्हाच्या जुन्या बसगाड्यांवर डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचा नाही. भरलेली बस घेऊन घाट उतरताना ती वेळ कशी साधत असाल, याचा अंदाज मला आता कुठे येतो. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. माझ्या गाडीला हे रोज करायची गरज नाही. तरी तुम्ही ते करून घेतलंत, कारण त्यात प्रत्येक पायरीला गिअरबॉक्समध्ये काय चाललंय ते सुटं सुटं कळतं. मला तर वाटतं प्रत्येक मॅन्युअल चालवणाऱ्यानं एकदा तरी डबल क्लच शिकावा. लोक शॉर्ट शिफ्टर (दांड्याची हालचाल कमी करणारा सुटा भाग) आणि दांड्याच्या जड नॉबवर पैसे घालतात; वेळ साधली नाही तर दोन्हींचा काडीचा उपयोग नाही.

नाना, तुम्ही या शिकवणीचा एक रुपया घेतला नाहीत. भर उकाड्यात, गुडघे दुखत असताना, त्या बुटक्या गाडीत वाकून शिरलात आणि एकदाही आवाज चढवला नाहीत. घरी काकींनी तुमची चहाची वेळ माझ्यासाठी पुढे ढकलली, त्यांचेही मनापासून आभार.

आता एक मागणं. वळणाआधी ब्रेक मारता मारता त्याच पायाच्या कडेनं रेस द्यायचं मला अजून नीट जमत नाही. ब्रेक एकसारखा दाबून राहत नाही. गणपती झाले की आंबोलीकडे एक फेरी मारूया. शेजारची सीट तुमच्यासाठी मागे सरकवून ठेवते.

तुमची,
शेजारची चेडू