मिशनरी कुणाच्या ओट्यावर बसला?

महोदय,

परदेशी मिशनऱ्यांवरील रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मिशनरी येतो तो केवळ धर्मांतरासाठी, हा त्यातला सरसकट सूर पटला नाही.

पेद्रो कासाल्दालिगा यांचेच पाहा. १९२८ साली स्पेनमधील कातालोनियात जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू १९६८ मध्ये ब्राझीलला गेले आणि १९७१ मध्ये साओ फेलिक्स दो अराग्वायाचे बिशप झाले. झाल्या झाल्या पत्रक काढले, ते बडे जमीनदार आदिवासींच्या आणि गरीब शेतकऱ्यांच्या जमिनी गिळत होते त्याविरुद्ध. डोक्यावर बिशपच्या मुकुटाऐवजी गवती टोपी, बोटात ताडवर्गीय झाडाच्या बीची काळी अंगठी. १९७६ मध्ये पोलीस ठाण्यात बायकांचा छळ होतो म्हणून जाब विचारायला गेले, तेव्हा सोबतच्या फादर बुर्निएर यांना पोलिसाची गोळी लागली आणि त्यांचा मृत्यू झाला. लष्करी राजवटीने कासाल्दालिगांना देशाबाहेर काढण्याचे प्रयत्न केले, पण ते हलले नाहीत. २०२० मध्ये त्याच मातीत त्यांना पुरले.

आम्हा शहादेकरांना हा झगडा परका नाही. १९७२ साली इथे आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली; आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज भिल्लांच्या गेलेल्या जमिनी परत मागत होते. आमच्या घरी तेव्हा सालदार होता. त्याच्या बापाचे शेत आमच्याच बांधाला लागून होते, आणि ते आमच्याकडे कसे आले हे घरात कुणी कधी सांगितले नाही.

धर्मांतरावर प्रश्न जरूर विचारावेत. पण जमिनीच्या तंट्यात तो मिशनरी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसला, हेही लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)