पळवणं सोपं, थांबवणं अवघड

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी बॅटरीला आग लागण्याबद्दल विचारलं, तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होते आणि शेजारी ग्राइंडर चालू होता. तेवढ्या गोंगाटात सांगण्यासारखं ते नव्हतं. आज निवांत आहे, म्हणून लिहिते.

आई, तू म्हणालीस, "एवढं शिकून चाकाची फळी करायची?" फळीच आहे, नाही कुठे म्हणते. विजेवर पळणारा स्केटबोर्ड. वर उभं राहायचं, हातात छोटासा रिमोट धरायचा, खाली मोटर आणि बॅटरी. पण या फळीवरून आम्हा पाच जणांची रोज भांडणं होतात, आणि त्यातली बहुतेक ती थांबवायची कशी यावरून. पळवणं फारच सोपं निघालं.

बाबा, तुम्ही वहीत मांडून बघितल्याशिवाय ऐकणार नाही, म्हणून आकडे देते. मोटर दर व्होल्टमागे मिनिटाला १९० फेरे घेते. बॅटरी ३६ व्होल्टची, म्हणजे भार नसताना ६,८४० फेरे. मोटरच्या पुलीला १५ दाते, चाकाच्या पुलीला ३६, मध्ये पट्टा. चाक ९० मिलिमीटर व्यासाचं. माझं उत्तर ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास येतं, तुमचं कळवा. माणूस वर चढला आणि समोरून वारा लागला की त्यातले बरेच गळतात. तरीही आम्ही मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्येच ताशी २० ची मर्यादा घातली आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, त्याला कुणाचा इलाज नाही.

आता बॅटरी. तिचं काम माझ्याकडे आहे. पेन्सिल सेलपेक्षा जरा जाड आणि लांब असे ४० लिथियम सेल. चार-चार समांतर जोडायचे आणि असे दहा गट एकापुढे एक. पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट. जोडण्याआधी प्रत्येक सेल मीटरवर तपासायचा, कारण समांतर जोडताना एक भरलेला आणि एक रिकामा असला तर एकातून दुसऱ्यात जोरात करंट धावतो. सेलच्या धन टोकावर इन्सुलेशन कागदाची गोल चकती चिकटवायची, मग निकेलची पट्टी ठेवून स्पॉट वेल्डिंग. बारीकशी ठिणगी उडते, पट्टीवर दोन काळे ठिपके उमटतात. पट्टी पक्कडीनं ओढून बघायची. सहज सुटली तर पुन्हा वेल्ड. या कामाला बसताना अंगठी, घड्याळ, बांगडी सगळं काढून ठेवते. आई, हे खास तुझ्यासाठी लिहिलं.

आग लागते ती शॉर्ट झाल्यामुळे, सेलला भोक पडल्यामुळे किंवा जास्त चार्ज झाल्यामुळे. जास्त चार्ज होऊ न देण्याचं काम एक छोटं सर्किट करतं, ते दहाही गटांवर वेगवेगळी नजर ठेवतं. बाकीच्या दोन गोष्टींना बांधणीच पक्की लागते, आणि तिथे आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. फळीचं काम बघणाऱ्या दोघांना लवचीक फळी हवी होती. खड्ड्यातून जाताना ती वाकते आणि पायांना हादरे कमी बसतात. पण फळी वाकली की खाली लावलेली बॅटरीही वाकणार, वेल्ड सुटणार, पट्ट्या एकमेकींना घासणार. मी अडून बसले. शेवटी मेपलची कडक फळी ठरली आणि हादऱ्यांसाठी चाकं मोठी आणि मऊ घेतली. गटांमधल्या जोडण्याही पट्टीऐवजी सिलिकॉनच्या मऊ वायरनं केल्या. ते दोघं अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

ब्रेकची गंमत वेगळीच आहे. ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. ऐकायला झकास. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल आणि सुरुवातीलाच उतार लागला, तर ती वीज घ्यायला जागाच नसते. व्होल्टेज वर चढतं, कंट्रोलर स्वतःला वाचवायला ब्रेक ढिला सोडतो, तोही नेमका उतारावर. म्हणून उताराकडे निघायचं असेल तर बॅटरी पूर्ण भरायची नाही, असा नियमच केला आहे. आणि रिमोटचा सिग्नल तुटला तर? एकदम ब्रेक लागला तर माणूस पुढे फेकला जाईल, नुसती मोकळी सोडली तर उतारावर पळत सुटेल. आम्ही मधला मार्ग घेतला: मोटर आधी मोकळी होते, मग हलका ब्रेक लागतो. आधी फळीवर वाळूची पोती बांधून, रिमोट मुद्दाम बंद करून पाहिलं. माणूस त्यानंतरच चढला.

हो, मीही चढते. हेल्मेट, मनगटाला आणि गुडघ्याला गार्ड, गुडघे किंचित वाकलेले, भार पुढच्या पायावर. भार मागे गेला की वेगात फळी डावी-उजवी डुलायला लागते.

सुट्टीला येताना घेऊन ये म्हणालात, पण विमानात १६० वॉट-तासाच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि आमची ३६० ची आहे. बॅटरी इथेच ठेवून नुसती फळी आणता येईल. बाबांना ढकलायला पुरेल.

बाबा, आता माझं काम. मोटरचा शाफ्ट ८ मिलिमीटरचा आहे आणि त्यावर पुली ग्रब स्क्रूनं, म्हणजे बिनडोक्याच्या बारीक स्क्रूनं, आवळली आहे. हादऱ्यांनी स्क्रू ढिला होतो, पुली शाफ्टवर फिरते आणि ब्रेक जातो. स्क्रूचे आटे धरून ठेवणारा थ्रेड लॉकर लावून पाहिला, काही दिवस टिकला. आमच्यातले काही म्हणतात शाफ्टला घासून सपाट बाजू करू, स्क्रू त्यावर बसेल. मला वाटतं शाफ्टला की-वे, म्हणजे लांबट खाच, पाडून त्यात धातूची चावीच बसवावी, पण एवढ्या बारीक शाफ्टला ते सोसेल का? मोटर उघडून शाफ्ट बाहेर काढावा लागेल, म्हणजे एकदा चुकलं की मोटर गेली. तुम्ही लेथवर आयुष्य काढलंत, तुम्ही काय केलं असतंत? कागदावर चित्र काढा आणि आईला त्याचा फोटो पाठवायला सांगा. रविवारपर्यंत मिळालं तर बरं, तोवर मी मोटरला कुणाला हात लावू देत नाही.

तुमची,
धाकटी