टचस्क्रीनआधी माहितीफलक नीट करा

महोदय,

वस्तुसंग्रहालयांत प्रेक्षकांच्या सोयींवर किती सरकारी पैसा गेला हे कागदावर दिसते. किती जणांची सोय झाली, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. खरे तर तो सोपा आहे.

समजा, 5 लाखांचा टचस्क्रीन बसवला. आयुष्य 5 वर्षे, म्हणजे वर्षाला 1 लाख. वर देखभालीचे 50 हजार. एका वेळी एकाने 3 मिनिटे पाहिले तर तासाला 20, सात तासांत 140 जण. वर्षाचे 300 दिवस धरले तरी 42 हजारच. दरडोई खर्च साधारण साडेतीन रुपये. निम्मे दिवस पडदा बंद राहिला की तोच सात. अशी यंत्रे बंद पडण्याची कारणेही ठरलेली: खरेदी मार्चअखेर उरकायची, मजकूर चढेपर्यंत वॉरंटीचे महिने सरतात, पासवर्ड ठेकेदाराकडे आणि दुरुस्तीला तरतूद नाही.

त्याऐवजी 100 फलक प्रत्येकी 1,500 रुपयांत केले आणि त्यांचेही आयुष्य 5 वर्षे धरले, तर वर्षाला 30 हजारांत भागते आणि एकेका फलकापाशी एकाच वेळी चौघे-पाचजण वाचतात. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहातली, शहरातल्याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती घ्या. फलकावर नुसते ‘कांस्यमूर्ती, ब्रह्मपुरी’ लिहिले तर कोण थांबेल? समुद्राचा हा परका देव पंचगंगेकाठी कसा आला, सातवाहनकाळी कोकणातल्या बंदरांवरून रोमन माल घाट चढून कसा येई, हे 60 शब्दांत सांगता येते. अक्षर किमान 24 पॉइंट, पृष्ठभाग मॅट. दिवा उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांवर हवा. जास्त तिरका ठेवला तर काच चमकते, अगदी डोक्यावर असला तर वस्तूवर सावल्या पडतात. कागद आणि कापडाला 50 लक्सची (लक्स हे उजेड मोजायचे एकक) मर्यादा आहे, म्हणून तिथे उजेड न वाढवता अक्षर मोठे करावे.

रॅम्पचा उतार 1:12 हवा. 45 सेंटिमीटरच्या जोत्याला 5.4 मीटर लांबी लागते. जागा वाचवायला जास्त चढाचा केलेला रॅम्प चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी आणि धोक्याचाही.

शासनाने निविदेतच 5 वर्षांच्या देखभालीचा दर मागवावा, 48 तासांत दुरुस्ती न झाल्यास दररोजची कपात ठेवावी, पासवर्ड व मूळ मजकूर संग्रहालयाच्या ताब्यात घ्यावा. दरमहा कोणती सोय किती दिवस चालू होती, ते तिकीट खिडकीवर लावावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर