कुणाकडून आलं?

प्रिय पिल्ला,

तुझ्या हाडांच्या विकाराबद्दल, क्लायडोक्रॅनियल डिस्प्लेसियाबद्दल, 'हे माझ्यात आलं कुणाकडून?' असं तू फोनवर विचारलंस आणि बाबांनी विषय बदलला. म्हणून मी लिहिते.

कुणाकडूनच नाही. आम्हा दोघांच्या रक्ताची तपासणी झाली होती, दोघांतही तुझ्या जनुकातला बदल सापडला नाही. सहाव्या गुणसूत्रावर 'रनएक्स२' नावाचं जनुक असतं. हाड घडवणाऱ्या पेशी त्याच्या हुकमावर तयार होतात. त्याच्या दोन प्रतींपैकी तुझी एक नव्यानेच बदलली, आणि उरलेली एकटी पुरी पडत नाही. मी गरोदरपणात काय खाल्लं, कशाला घाबरले, याचा काडीचाही संबंध नाही. (हे मी किती बायकांना ऐकवलंय!)

कवटीचं छत आणि गळ्याखालची आडवी हाडं बहुतांशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, पायरी न घेता थेट बनतात. तिथेच उणीव जास्त दिसते. म्हणून तुझी टाळू इतकी उशिरा भरली, कपाळ रुंद राहिलं, आणि दोन्ही खांदे छातीपुढे जवळ आणून तू पाहुण्यांना घाबरवायचीस. मारी आणि सँतों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये या विकाराला नाव दिलं; जनुक सापडलं १९९७ मध्ये.

खरा छळ दातांनी मांडला. दुधाचे पडेनात, कायमचे हिरडीत अडकलेले, त्यात जादा दातांची गर्दी. 'दुधाचे काढा, खालचे आपोआप येतील' असं एका दवाखान्यात ठामपणे सांगितलं होतं. या विकारात तसं सहसा होत नाही. जादा दात काढून, अडकलेले उघडे करून तारेने जागेवर ओढावे लागतात. उरलेली शस्त्रक्रिया कधी करायची, ते आता तूच ठरव. दिसण्यासाठी घाई नको. चावता येणं महत्त्वाचं.

तुझ्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता, तो मला ऐकू आला. तुझ्या प्रत्येक बाळात हे उतरण्याची शक्यता ५० टक्के. कमी की जास्त, ते आधी सांगता येत नाही; एकाच घरातही फरक पडतो. बुद्धीला सहसा धक्का नसतो, हे तुला मी काय सांगणार! कटिभाग अरुंद असेल तर सिझेरियन लागू शकतं, ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. मूल हवं की नको यावर माझं मत विचारू नकोस, मी आजी व्हायला टपलेली आहे, निःपक्षपाती नाही.

गर्भाची तपासणी करायची ठरलीच, तर नेमका कोणता बदल आहे ते त्यांना लागेल. तुझा जनुकीय अहवाल माझ्या कपाटात आहे. आज फोटो पाठवते, मूळ प्रत येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई