याला कॉलम नाही : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रुग्णवाहिकेवर काम केलेल्या तंत्रज्ञांचा अनुभव नर्सिंग प्रवेशात धरला जावा, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात एका खासगी रुग्णालयाच्या कार्डिअक अँब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे पेशंटला वाटेत तातडीचे उपचार देणारा तंत्रज्ञ आहे. या कामाला अकरा वर्षे झाली. गेल्या मंगळवारी नाइट संपवून, तोंडावर पाणी मारून, मी एका नर्सिंग संस्थेत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या प्रवेशाची चौकशी करायला गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या फाइलमधून बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि डोमिसाइल काढून घेतले. बाकीची फाइल परत सरकवून म्हणाल्या, "हे अनुभवाचे कागद नकोत. फॉर्ममध्ये याला कॉलम नाही."

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनी आहे तो नियम सांगितला. नवा कॉलम काढायचा अधिकार त्यांना नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

परत आलेल्या कागदांत एक प्रशस्तिपत्रही होते. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर एका कार्यक्रमात आम्हा बारा जणांना ते दिले होते, शाल आणि नारळासह. व्यासपीठावरचे पाहुणे माइकवर म्हणाले होते, "या मुलांना पुढच्या शिक्षणात प्राधान्य मिळवून देईन, हा माझा शब्द आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या आईने तो व्हिडिओ गावभर दाखवला. त्यानंतर मी त्या पाहुण्यांच्या कार्यालयात चार वेळा जाऊन आलो. चौथ्या वेळी शिपायानेच सांगितले, "दादा, कशाला पेट्रोल जाळता?"

महिन्याला साठ कॉल धरले तर अकरा वर्षांत आठ हजारांच्या घरात जातात. मोजून ठेवलेले नाहीत, अंदाज आहे. कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. मग चादरीची झोळी करून, एक जण खाली, एक जण वर, असा पेशंट उतरवायचा. असे करत करत माझ्या कमरेची गादी सरकली. खंबाटकी घाटात पहाटे उलटलेल्या गाडीत अडकलेल्या माणसाला, बॅटरी दातांत धरून, इंट्राकॅथ म्हणजे सलाइनची शिरेतली सुई लावलेली आहे. गाडीतच झालेली तीन बाळंतपणे या हातांनी केली. अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत साताऱ्याहून पुण्यापर्यंत आलो की बोटे कितीतरी वेळ सरळ होत नाहीत. आणि हे सगळे तुमच्या फॉर्मच्या दृष्टीने घडलेलेच नाही. काल बारावी झालेला मुलगा आणि मी, दोघे एकाच रेघेवर.

एवढे असूनही मला नर्सिंगमध्ये का जायचे आहे, ते सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये एका आजोबांना घेऊन मी एका रुग्णालयाच्या दारात पाच तास उभा होतो. बेड नव्हता. सिलिंडरचा काटा खाली येत होता आणि आजोबांचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ७८वर. आतून पीपीई घातलेल्या एक सिस्टर आल्या. त्यांना यायची गरज नव्हती, आमचा पेशंट त्यांच्या रजिस्टरला लागलेलाच नव्हता. त्यांनी आजोबांना पालथे झोपवले, छातीखाली उशी सारली, पाठीवर हात ठेवून वीस मिनिटे त्यांच्याशी बोलत राहिल्या. सॅच्युरेशन ८८वर गेले. मी अकरा वर्षांत हजारो पेशंट कॅज्युअल्टीच्या दारात सोपवले. सही घेतली, ट्रॉली पुसली, गाडी फिरवली. पुढे त्यांचे काय झाले ते मला कधी कळले नाही. पेशंट माझ्याकडे चाळीस मिनिटे असतो, सिस्टरकडे रात्रभर असतो. मला ती रात्र शिकायची आहे.

म्हणून कुणी असे समजू नये की मी सूट मागतोय. पडून राहून जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून पेशंट कसा आणि किती वेळाने वळवायचा, मधुमेहाच्या पायाचे ड्रेसिंग, इनटेक-आउटपुटचा तक्ता, डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना काय समजवायचे, यातले मला फार थोडे येते. ते पहिल्यापासून शिकायला मी तयार आहे. पण नाडी मोजणे, बीपी घेणे, सक्शन, ऑक्सिजन, सीपीआर हे मला परत पहिल्या धड्यापासून का शिकवता? परीक्षा घ्या ना. नापास झालो तर बसेन सगळ्यांबरोबर.

माझी बारावी आर्ट्सची. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते, त्यामुळे तो दरवाजा बंद. जीएनएमला आर्ट्स चालते, इंग्रजी आणि ४० टक्के हवेत, ते माझ्याकडे आहेत. पण तिथे वयाची अट ३५ वर्षे. मला चौतीस पूर्ण झाली आहेत. खासगी संस्थेने मला वर्षाची फी ८५ हजार सांगितली, वर युनिफॉर्म, हॉस्टेल, डिपॉझिट वेगळे. माझा पगार हातात १९ हजार येतो आणि कोर्स पूर्ण वेळ असल्याने तोही थांबेल. तीन वर्षे. पुढे पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची आणखी दोन. घरात दोन मुली आहेत. हे गणित तुम्ही सोडवून दाखवा, मी तुमच्या दारात येऊन बसतो.

नियम दिल्लीहून, भारतीय परिचर्या परिषदेकडून येतात, हे उत्तर मला आधीच माहीत आहे. ती परिषद १९४७च्या कायद्याने आली. २०२१ मध्ये संसदेने परावैद्यकांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात आमच्या कामाचे नावही आहे. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला. दोन वर्षांत दोन कायदे, आणि या पेशातून त्या पेशात जायची पायवाटसुद्धा नाही. अमेरिकेत पॅरामेडिकला नर्स होण्यासाठी ब्रिज कोर्स, म्हणजे आधीचे शिक्षण धरून पुढचे शिकवणारे कोर्स आहेत. इकडे नव्या शैक्षणिक धोरणात, आधी शिकलेले खात्यावर जमा राहावे म्हणून, क्रेडिट बँक आणली. कौशल्य विकासाच्या योजनेत गवंड्याचे, सुताराचे आधीचे काम मोजून प्रमाणपत्र देता. चांगलेच करता. मग ज्याने रस्त्यावर माणसाचे हृदय पुन्हा चालू केले त्याचे काम मोजायला तुमच्याकडे माप का नाही?

बरे, आहे तिथेच राहावे म्हटले तर तिथेही भविष्य नाही. २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ९३७ गाड्या आल्या आणि गाडीत डॉक्टर बसवले. शेजारच्या गुजरातेत १०८च्या गाडीत ईएमटी असतो. इथे आमच्यासारख्यांना खासगी रुग्णालय आणि एजन्सी यांशिवाय जागा उरली नाही. मी तीन एजन्सींच्या नावावर काम केले. गाडी तीच, सीट तीच, फक्त पगाराच्या स्लिपवरचे नाव बदलत गेले. प्रत्येक वेळी सर्व्हिस नव्याने सुरू, ग्रॅच्युइटी नाही.

आणि ज्या पेशात यायला मी धडपडतोय तिथले हालही मला दिसतात. मे २०२२ मध्ये याच राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर उतरल्या होत्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आग लागून दहा बाळे गेली, तेव्हा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. वायरिंग त्यांनी केले होते का? २०२४ मध्ये सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, इथल्या परिचारिका आणि इतर कुशल माणसे तिकडे पाठवायचा. जर्मन भाषा शिकवायचा खर्च सरकार करणार. जाणाऱ्यांनी जरूर जावे, त्यांच्या घरात चार पैसे येतील. पण साहेब, तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी नर्स तयार करायला तिजोरी उघडते, मग इथल्या वॉर्डात राहायला तयार असलेल्या माणसाच्या फीसाठी का नाही? रात्री एका सिस्टरच्या अंगावर पूर्ण वॉर्ड असतो, हे मी दर रात्री दारातून बघतो. ट्रॉली आत ढकलल्यावर ती घ्यायला माणूस नसतो, कित्येकदा मीच बेडवर पेशंट घेऊन मॉनिटर लावून देतो. तेव्हा मला कुणी कॉलम विचारत नाही.

तुमच्या हातात जे आहे तेवढेच मागतो. शासकीय नर्सिंग शाळांत, पाच वर्षे रुग्णवाहिकेवर काम केलेल्यांसाठी प्रत्येक तुकडीत दोन-तीन जागा ठेवा. शिकत असताना शनिवार-रविवारी गाडीवर ड्युटी करू द्या, म्हणजे घर चालेल. वयाची अट शिथिल करण्याची आणि ब्रिज कोर्सची शिफारस राज्याच्या वतीने दिल्लीला पाठवा, आणि पाठवलेल्या पत्राची प्रत जाहीर करा. पाठवले असे तोंडी सांगू नका. तोंडी शब्द मी एकदा शालीसकट घेतलेला आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये मला ३५ पूर्ण होतात. फाइल मी आवरून ठेवलेली नाही, गाडीच्या डॅशबोर्डवरच आहे. आज रात्री आठपासून पुन्हा ड्युटी आहे.

आपला,
रुग्णवाहिकेवरचा एक तंत्रज्ञ,
पुणे