साबणाचं पाणी म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला डार्करूमवरचा लेख वाचला. लाल दिवा, ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा चेहरा, सगळं छान. फोटो तर त्याहून छान! चार पोरं बाह्या सरसावून डेव्हलपरमध्ये, म्हणजे कागदावर फोटो उमटवणाऱ्या रसायनात, उघडे हात बुडवून उभी. मागे भिंतीवर चिमटे टांगलेत, बहुधा शोभेला. आणि लेखकमहाशय लिहितात, ही रसायनं 'साबणाच्या पाण्याइतकी निरुपद्रवी'. धन्य आहे.

मी एका स्टुडिओत प्रिंटिंगला होतो. लग्नसराईत रात्र-रात्र ब्रोमाइड पेपर (फोटोचा कागद) डेव्हलपरमधून काढून हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, टाकायचे, तेही हातानेच. चिमट्याने ओरखडे उठतात, असं मालकांचं म्हणणं. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग पुटकुळ्या, मग कातडी फाटून रक्त. गजकर्ण समजून मलमं झाली. घरच्याच कार्यात पंगतीत वाढायला उभा राहिलो, तर मावशीने सगळ्यांदेखत माझ्या हातातलं जिलबीचं ताट काढून घेतलं. ते अजून विसरलेलो नाही. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी 'काम काय करता?' असं विचारलं आणि डेव्हलपरमधल्या मेटॉल या रसायनाचं नाव निघालं. डी-72 या डेव्हलपरच्या लिटरभर मूळ द्रावणात मेटॉल सुमारे 3 ग्रॅम. पण एकदा अंगाला वावडं झालं की तेवढंही फार होतं. त्याऐवजी फेनिडोन वापरलं तर हा त्रास बराच टळतो. मालकांना ते महाग वाटलं!

एक्झॉस्ट पंखा होता, पण फटीतून उजेड येतो म्हणून पुठ्ठा ठोकून बंद केलेला. ॲसिड हायपोतून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमेकऱ्याने अशा खोलीत पाऊल ठेवू नये. आपल्या लेखात हवा खेळती ठेवण्याबद्दल अक्षर नाही.

वर चौकटीत सल्ला काय, तर वापरलेला हायपो मोरीत ओता. अहो, त्यात पेपरवरची चांदी उतरलेली असते. आमच्याकडे ती काढणारा माणूस कॅन भरून न्यायचा. मालक तेवढ्यापुरते मात्र दक्ष.

पोरांनी हौस जरूर करावी. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, चिमटे वापरावेत, एवढं तरी पुढच्या रविवारी छापा.

जाता जाता, पाणीकपातीवरचं माझं मागचं पत्र आपण असं कापलंत की मी नगरपालिकेचं कौतुक केल्यासारखं वाटलं. शेजारी अजून अभिनंदन करतात. हे पत्र कापायचंच झालं तर जिलबी कापा, मेटॉल राहू द्या.

आपला,
एक जुना प्रिंटर, मिरज