दादाच्या रागाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "पोरगा उद्धट झालाय, समज द्यायला हवी." फोनवर दादा शेजारीच होता, म्हणून लिहितेय.

तो उद्धट झालेला नाही. त्याला मार लागलाय तो कपाळामागच्या मेंदूला. रागाला आवर घालणं, लक्ष एका जागी धरून ठेवणं ही त्याच भागाची कामं. गाडीवरून पडल्यावर डोकं आपटून थांबतं, पण आतला मेंदू सरकतो आणि कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो. टाके सुकले, चालतोबोलतो, म्हणून सगळे म्हणतात बरा झाला.

दिवाळीत जेवताना टीव्हीवर बातम्या चालू होत्या, कुकरची शिट्टी होत होती, आई पोळीचा आग्रह करत होती आणि बाबा त्याच वेळी बँकेच्या केवायसीचं विचारत होते. दादाने घास हातात धरून ठेवला होता, तोंडात घालायचंच राहिलं. मग त्याने ताट ढकललं. एका पोळीवरून नाही, आई. एवढ्या आवाजांतला कुठला ऐकावा आणि कुठला सोडावा, हे त्याला ठरवताच येत नव्हतं.

म्हणून जेवताना टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं, एकच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. कागदपत्रांचं काम सकाळी काढा, संध्याकाळपर्यंत तो पार थकलेला असतो. भडकला तर तिथल्या तिथे समजावू नका, विषय सोडा, गच्चीवर गेला तर जाऊ द्या. आणि आत्या काहीही म्हणोत, "लग्न झालं की ताळ्यावर येईल" हे आत्ता मुळीच नको. ते त्याच्यावरही अन्यायाचं आणि त्या मुलीवरही.

1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण इतका शिवराळ आणि चंचल झाला की ओळखीचे म्हणायचे, हा आपला गेज नव्हेच. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पण पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. कामाला ठरलेली शिस्त होती, त्यानेच तो सावरला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. दादालाही तेच हवंय: उठणं, व्यायाम, जेवण, झोप रोज त्याच वेळी, भिंतीवर फळा आणि मोबाइलला गजर.

अजून एक. फिट येऊ नये म्हणून त्याला लेव्हेटिरासिटाम चालू आहे, त्याने काहींची चिडचिड वाढते. मनाने बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारू.

पुढच्या तपासणीला मी येतेय. तोवर आई, तो केव्हा चिडला, आधी काय चाललं होतं, रात्री झोप किती झाली, एवढं कालनिर्णयवर लिहीत जा. तेच डॉक्टरांना दाखवू. आणि दुपारी तू जरा पड, तेवढा वेळ बाबा घरात थांबतील.

तुमची,
धाकटी